दातेरी रिंग आणि आमची रोहिणी

फोकस गेला तर रिटेक घेता येतो, किस्सा मात्र पहिल्याच टेकला ओके होतो! आमच्या नाशिकच्या छोट्याशा व्हिडिओ युनिटमध्ये असे किस्से इतके साठलेत की चहाला बसलं की उठवत नाही. युनिट म्हणजे कॅमेऱ्यावर मी आणि फोकसवर माझी बायको रोहिणी. लेन्सवर एक दातेरी रिंग बसते, बाजूचं चाक फिरवलं की ती फिरते आणि चित्र स्पष्ट होतं. ते चाक रोहिणीच्या हातात.

माझे वडील, दादा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. त्यांना हे काम वाटायचंच नाही. "चाकच फिरवायचंय तर पिठाची गिरणी काय वाईट?" त्यांनी निकाल देऊन टाकला होता: ही लग्नसराई संपली की सूनबाई शाळेत क्लार्क!

*

पहिली रिंग आम्ही सातपूरला करून घेतली. वर्कशॉपवाले अण्णा म्हणजे ट्रॅक्टरचे गियर कापणारा माणूस. आम्ही माप दिलं, प्लॅस्टिकची हवी हे सांगायचं राहिलं. अण्णांनी अस्सल स्टीलची रिंग हातात ठेवली. लेन्सवर चढवली, तर कॅमेऱ्याने मान खाली घातली ती वर करेना!

"जड झाली हो, अण्णा."

"होऊ द्या की! नांगराला लावा, एक दाता तुटला तर नाव बदलीन!"

दादा रोज पंख्याखाली पेपर वाचतात, तेव्हा पेपरवर तीच ठेवतात.

*

देवळ्याचं लग्न. हार घालायची वेळ आली आणि मामांनी नवरीला खांद्यावर उचललं. आमची फजिती करायचीच म्हणून तिला घेऊन ते स्टेजभर पळत सुटले. रोहिणी शांतपणे चाक फिरवतेय, नवरी स्क्रीनवर लख्ख! शेवटी मामा धापा टाकत आले.

"ताई, लय पळालो, पन तुमी काय सोडलं नाय!"

"मामा, नवरी अजून हसतेय. आणखी एक चक्कर होऊन जाऊ द्या!"

*

एका जाहिरातीसाठी मुंबईहून एक बडे कॅमेरामन आले.

"फोकसला कोण आहे?"

"मी," रोहिणी म्हणाली.

"नाही, म्हणजे... माणूस?"

रोहिणीने सरळ चाक हातात घेतलं. शॉट होता द्राक्षबागेतल्या एका आजींचा. आजी सांगितल्या जागी थांबतील तर शपथ! त्या मन मानेल तशा चालल्या, मधेच वळल्या, घड तोडून पुढे आल्या. टेक संपल्यावर साहेब मॉनिटरला नाक लावून पुन्हा पुन्हा बघत बसले.

"नाही सापडणार, सर," रोहिणी म्हणाली. "जेवून घ्या."

घरी मी हे फुशारकीने सांगितलं, तर दादा म्हणाले, "बरं. शाळेचा अर्ज भरला का?"

*

आणि मग माझ्या बहिणीचं, सोनलचं लग्न आलं. दादांनी बजावलं, "रोहिणी, आज तू घरची सून. शालू नेसायचा, स्टेजवर उभं राहायचं. चाक काय, कुणीही फिरवेल." म्हणून चाकावर दुसऱ्या युनिटमधला प्रकाश नावाचा पोरगा. कॅमेऱ्यावर मात्र मीच. नवरीच्या भावाला कान पिळण्यापुरती सुट्टी!

मंगलाष्टकं सुरू झाली, चहूकडून अक्षता उडाल्या, आणि हॉलच्या मोठ्या स्क्रीनवर दादांची लाडकी लेक धूसर झाली. प्रकाश घाम पुसत झटतोय, चाक हलेना! रोहिणीने ते पाहिलं, पदर घट्ट धरला आणि जागची हलली नाही. सासऱ्यांचा शब्द होता.

तेवढ्यात दादांची नजर स्क्रीनवर गेली.

"गुरुजी, थांबा!"

गुरुजींनी मंगलाष्टक मधेच तोडलं.

"अहो, मुहूर्त टळेल!"

"टळू दे. माझी पोरगी दिसत नाहीये. रोहिणी, चाकावर जा!"

शालू खोचून रोहिणी स्टेजवरून उतरली. अंबाड्यातली पिन काढली, रिंगच्या दात्यांत रुतून बसलेला अक्षतेचा दाणा टोकरून बाहेर काढला आणि चाक फिरवलं. सोनलच्या पापणीवरचं पाणीसुद्धा स्पष्ट दिसलं. टाळ्यांनी हॉल दणाणला!

दादांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग सुनेकडे. उपरण्याने डोळे पुसले.

"हं, गुरुजी. आता म्हणा सावधान!"