ताकाच्या तांब्यापाशी ठेवलेला आणा

"तिथं फुकट काईच न्हाई." ताकाचा पहिला घोट घेण्याआधी आमचे मिस्त्री हे म्हणायचेच. मग तांब्या तोंडाला लावायचे अन् मिशी बाहीनं पुसायचे.

तिथं म्हणजे न्यूयॉर्कात. हसा तुम्ही. निजामाच्या राज्यात मानवतच्या जिनिंगमध्ये इंजिन सांभाळणारा माणूस अमेरिकेत कसा? जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकत गेले अन् सात वर्षांनी परत आले. लोकांना वाटलं, पेटीत सोनं असेल. पेटी मीच उचलली होती. आत नुसते पान्हे.

मी त्याच जिनिंगमध्ये कापूस वाहायचो, विशीतला. मलाही तिकडं जायचं होतं. त्यांना रस्ता विचारला की ते तिथल्या खोलीचं भाडं सांगायचे.

"एका खोलीत सहा जण, बाबू. खाटा तीन. एक उठून कामाला गेला की त्याच्या गरम गादीवर मी निजायचो. अर्धा पगार त्या गादीत."

"मग अर्धा उरला की."

"चुलीला कोण देणार? भिंतीत गॅसचा डबा हाय. त्यात नाणं टाकलं तर जाळ. भात अर्धा शिजला अन् खिसा रिकामा, तर तसाच चावायचा."

मला वाटायचं, हा मला अडवायला खोटं बोलायलाय. लय राग यायचा.

आमच्या गल्लीत ज्याच्या घरी ताक घुसळलं, त्याच्या दारात सगळ्यांनी यायचं. ताक कुणी विकत नसे. एकटा माणूस म्हणून आई मिस्त्रींना रोज तांब्याभर द्यायची. एका सकाळी ते पिऊन गेले अन् ओट्यावर रिकाम्या तांब्यापाशी एक आणा दिसला.

आईनं हात लावला नाही. "म्या काय दुकान मांडलंय?" म्हणाली अन् आत गेली.

मी तो आणा जिनिंगवर नेला अन् चार माणसांत त्यांच्या पायाशी टाकला. "मिस्त्री, आमी भिकारी न्हाई."

त्यांचं तोंड उतरलं. "सवयीनं ठेवला रे. वैनीला सांग, चुकलो."

मी सांगितलं नाही. माझं म्हणणं, चूक ज्याची, त्यानं दारात येऊन बोलावं. ते निरोपाची वाट बघत राहिले, ताकाला येईनात. आई चार दिवस त्यांचा तांब्या झाकून ठेवायची, मग तिनंही सोडलं. ते समोरून जाताना खाली मान घालायचे. त्यांनी एकदा हाक मारायची होती. आजही मला हेच वाटतं.

अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत जिनिंग बंद पडली. ते मुंबईला निघाले. निघताना पेटी खांद्यावर घेऊन आमच्या दारात उभे राहिले. आई शेतात होती.

"बाबू, ताक हाय का घोटभर?"

माझ्या मागं मडकं भरलेलं होतं.

"संपलं," मी म्हणालो.

त्यांनी मडक्याकडं बघितलं. हात सवयीनं खिशाकडं गेला अन् मध्येच थांबला. "बरं. वैनीला राम राम सांग."

तोही मी सांगितला नाही. संध्याकाळी ते ताक आंबलं. आईनं विचारलं, एवढं कसं उरलं? अन् म्हशीच्या घमेल्यात ओतलं.