पाणी काढलं का

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतच्या रस्त्यावर जेवढे ट्रक धावतात, त्यांतल्या प्रत्येकाशी आमच्या मामेसासऱ्यांचं एकदा तरी बोलणं झालेलं आहे. ट्रकवाल्यांशी नाही, ट्रकशी. माणसांशी मामा बेताचंच बोलत. खरवईच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती, ब्रेकच्या कामाची. कुणी गाडी घेऊन आला की आधी चाकापाशी उकिडवे बसायचे, ड्रमवर पान्याने हलकेच टिचकी मारायचे, कान लावायचे आणि मान वर न करता विचारायचे, "रात्री कुठे निजली होती?" नवा ड्रायव्हर बावचळून जायचा. त्याला वाटायचं, आपल्या घरातल्या कुणाची तरी चौकशी चालली आहे. उल्हासनगरचे एक सिंधी शेठ गाड्यांच्या खरेदी-विक्रीतले. ते घाईचे. "मामा, गाडी बनी क्या?" म्हणून सारखे डोकावायचे. मामा शांतपणे म्हणायचे, "सेठ, गाडी है, पापड नहीं. उलटापलटा के भुन गया, ऐसा नहीं होता."

पावसाळ्यात मामांना दोन गोष्टींचा घोर लागायचा. एक म्हणजे ओल्यात उभ्या गाडीचा हँडब्रेक. तो रात्रभर ओढून ठेवला तर ब्रेकच्या आतल्या पट्ट्या, म्हणजे लायनर, गंजून ड्रमला चिकटतात आणि सकाळी चाक जागचं हलत नाही. म्हणून चाकाखाली दगड द्यायचा आणि हँडब्रेक सोडून ठेवायचा, अशी त्यांची शिकवण. मामांनी असे दगड नदीवरून निवडून आणले होते, एकेक बेताचा, गुळगुळीत. कुठेही गेले तरी पिशवीत दोन असायचेच. एकदा नात्यातल्या लग्नात पाऊस लागला, तर हे जेवणाच्या पंगतीतून उठले आणि बाहेर उभ्या सगळ्या गाड्यांना दगड देऊन आले. नवरानवरी गाडीत बसली, सगळे डोळे पुसायला लागले आणि गाडी काही निघेना. नवरीचं रडणं थांबलं तरी गाडी जागेवरच. मामा गर्दीत मागे उभे राहून समाधानाने बघत होते. "बघ," मला म्हणाले, "कशी निवांत उभी आहे."

दुसरा घोर हवेच्या टाकीचा. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. पावसाळी दमट हवा टाकीत भरली की तिचं पाणी होतं, ते नळ्यांतून पुढे जातं आणि मग दाबलेला ब्रेक सुटतच नाही, चाक धरून ठेवतो. पुढच्या-मागच्या प्रत्येक टाकीच्या पोटाखाली एक कडी असते. ती रोज ओढली की हवेबरोबर साठलेलं पाणी निघून जातं. मामा कुणालाही भेटल्यावर राम राम म्हणायच्या जागी "पाणी काढलं का?" म्हणायचे. मोटरसायकलवाल्यालाही. तो म्हणायचा, "मामा, हिला हवेची टाकी नसते." मामा म्हणायचे, "म्हणजे नाही काढलं."

आमच्या यांनी ट्रक घेतला तेव्हा दसऱ्याच्या पूजेला मामा आले. नारळ फुटल्यावर त्यांनी पायातली झिजलेली चप्पल काढली, गाडीखाली शिरले आणि मागच्या बाजूला कुठेशी तारेने घट्ट बांधून आले. "माझी आहे. हिच्यापुढे कुणाची नजर टिकणार नाही," म्हणाले. "मात्र तिला हात लावायचा नाही." यांनी मान डोलावली. मामांचा शब्द यांना देवाच्या जागी. अनवाणी मामा चिखलातून घरी गेले.

मग पावसाळा आला आणि आमची गाडी भर पावसात ब्रेक धरायला लागली. उन्हात बरी, थेंब पडले की जाम. पालेगावच्या उतारावर खडीने भरलेली गाडी तिरकी होऊन रस्त्याच्या कडेला गेली. थोडक्यात निभावलं. हे घरी आले आणि गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "विकतो," म्हणाले. "नव्या टॉवरवर वॉचमनची जागा आहे." मला पावसाची भीती वाटायची हे खरं, पण गाडीशिवाय हे खुर्चीत गप्प बसलेले डोळ्यांपुढे आले आणि ती भीती परवडली असं वाटलं.

मामांनी चाकं उतरवली. लायनर घासले, ड्रम पुसले, स्प्रिंगा बदलल्या. यांना विचारलं, "पाणी काढतोस ना?" हे म्हणाले, "रोज." पाऊस आला, गाडी पुन्हा जाम. शेजारचा टायरवाला हसून म्हणाला, "मामा, ही तुमच्याशी बोलत नाही वाटतं." त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ गाडी बघायला येणार होते. हे त्यांना आणायला नाक्यावर गेले आणि मी डबा घेऊन शेडवर गेले. पत्र्यावर पाऊस एका लयीत पडत होता, रस्त्यापलीकडच्या इमारती धुक्यात विरघळल्या होत्या. मामा गाडीखाली गोणपाटावर डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, झोप लागली.

"मामा, दोन घास खाऊन घ्या."

"सूनबाई, हिच्या पोटात पाणी आहे. डुचमळतंय."

"हे रोज काढतात म्हणाले."

"पुढच्या टाकीचं काढत असेल. मागच्या टाकीची कडी…" मामा थांबले. मी वाकून बघितलं. मागच्या टाकीखाली चप्पल होती. कडीलाच बांधलेली. हवा गळू नये म्हणून कडी हलणार नाही असे तारेचे वेढ्यावर वेढे.

मामांनी चपलेवरचा चिखल बोटाने पुसला.

"ही कुणाची गं?"

"तुमची, मामा."

"हं. मीच म्हटलं होतं त्याला, हात लावू नको." मग म्हणाले, "पक्कड दे."

तार तुटली, कडी ओढली आणि गाडीने असा लांब उसासा सोडला की रस्त्यावरचं कुत्रं उठून बसलं. गढूळ पाणी गोणपाट भिजवत माझ्या पायांपर्यंत आलं. मामांनी गाडीच्या अंगावर हात ठेवला. मी तोंडाला पदर लावला. हसू येत होतं, आणि त्यांच्याकडे बघून येतही नव्हतं.

तेवढ्यात शेठ आणि हे आलेच. "बोलो मामा, ले जाऊँ?"

"ले जाने की नहीं है, सेठ." मामा यांच्याकडे वळले. "उतारावर जाऊन ये. पाऊस आहे तोवर."

"काय झालं होतं, मामा?"

"रुसली होती."

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डब्याचं झाकण पुसायला लागले.

पालेगावचा उतार करून हे परत आले तेव्हा केसांतून पाणी गळत होतं आणि हे हसत होते. शेठ चहा पिऊन गेले. चप्पल तेव्हापासून मागच्या बंपरला लटकते. ती तिथे कशी आली, हे यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता ती शेड नाही. तिथे इमारत उभी राहिली. मामा विठ्ठलवाडीला लेकीकडे असतात, वरच्या मजल्यावर. डोळ्यांना दिसत नाही फारसं. खालून गाडी गेली की आवाजावरून तिची तब्येत सांगतात, ऐकायला कुणी नसलं तरी. पावसाळ्यात मात्र त्यांचा फोन मलाच येतो, मागच्या टाकीची कडी हल्ली मीच ओढते.

"पाणी काढलं का?"

"काढते, मामा."

"ऐकव."

मी गाडीखाली वाकून फोन मागच्या टाकीपाशी धरते आणि कडी ओढते. हवा सुटते, थोडं पाणी माझ्या हातावरून जातं. पलीकडे मामा श्वाससुद्धा जपून घेतात.

"बरी आहे म्हणते," असं म्हणतात, आणि मग आम्ही दोघंही फोन ठेवत नाही. त्यांच्या खिडकीवरचा पाऊस मला ऐकू येतो, आणि आमच्या गाडीवरचा त्यांना.