अप्पांचा वस्तरा आणि माझी झोप

मंडळी, फसवलं हो मला! तेही सख्ख्या बापानं.

ऐंशी साली आम्ही नवनगरला राहायचो. रोज सकाळी सहाला अप्पा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासायचे. तो सटसट आवाज आला की मी धाकानं पांघरूण फेकून उठायचो.

आज पहिल्यांदा त्याच वस्तऱ्यानं दाढी करायला बसलो. गाल लालभडक झाला, पण केस एकही निघाला नाही. धारवाडला अक्काला फोन लावला.

ती हसतच सुटली. "अय्यो, त्याला धार कधी होती रे? अप्पा ब्लेडनंच दाढी करायचे. ते घासणं नुसतं तुला उठवायला!"

म्हणजे हिलाही ठाऊक होतं!

अप्पा जाऊन वीस वर्षं झाली. मी अजून सहालाच उठतो. एक केस न कापणाऱ्या पात्यानं माझी जन्माची साखरझोप कापली. आता सांगा, भांडू कुणाशी?