टुंग वाजायच्या आत

मी सगळ्यांच्या नकला करतो. एस्टीच्या कंडक्टरची, मेसच्या मावशींची, खेळाच्या सरांची तर त्यांच्या पाठीमागं उभं राहून. पण सगळ्यात झ्याक जमायचं ते स्पीकरचं टुंग.

सांगलीला आमच्या कॉलेजात लांब पळणाऱ्या पोरांचा दम मोजायचे. ग्राउंडवर फक्कीच्या दोन रेघा. टुंग वाजलं की पळायचं, पुढचं टुंग वाजायच्या आत पल्याडची रेघ गाठायची, तसंच माघारी. टुंग घाईवर येत जातं. लागोपाठ दोनदा रेघ चुकली की बाहेर. मग सर मोबाईलात फेऱ्यांचा आकडा घालून सांगायचे, कोण शर्यतीत कितपत पळंल. त्यावरनंच टीम निघायची.

माझ्या खोलीतला गडी आटपाडीकडचा. माळावर पळायला लागला की थांबायचं इसरायचा. टीममधी आला तर होस्टेल फुकट. न्हाई आला तर चुलता त्येला तामिळनाडूत गलाईच्या दुकानात न्हेणार, सोनं गाळायला. त्यांच्याकडची निम्मी पोरं तशीच जात्यात.

चाचणी नेमकी रविवारी. मी लवकर बाद झालो आन् कडंला बसून सरांच्या आवाजात म्हणलं, "आता आपला वाघ बघा."

वाघ माज्यामागनं थोड्याच येळात बाद झाला. व्हट पांढरेफटक. रेघ दोन पावलांवर आन् हा गुडघ्यावर.

"सर, परत एकदा घ्या की. ह्यो असा न्हाई वो."

"अरे, मी कुठं म्हणतोय? आकडा म्हणतोय. लांबच्या शर्यतीत हा मागं पडणार."

मी त्येला नळावर न्हेला. "पाणी पी."

"आज न्हाई."

"का रं?"

"नाथबाबाचा रविवार हाय. टीममधी येऊ दे म्हणून कडक उपास धरलाय. कालपासनं पाणी बी न्हाई."

मी वंजळ भरून त्येच्या म्होरं धरली.

"मग आता तरी पी की गड्या. झालं की सगळं."

"दिवस बुडू दे. मोडला तर चिडंल देव. सर परत घेतील एखाद्या टायमाला."

नळ तसाच गळत हुता. त्यानं हात सुदीक धुतलं न्हाईत.

मी सरांना सांगितलं. सरांनी मोबाईल उघडून बघितला. "आधी बोलायचं न्हाई का रे? नावं गेली आता."

त्या आठवड्यातच चुलता आला. जाताना पळायचं बूट गड्यानं माज्या खाटंखाली ठेवलं. मला दोन नंबर मोठं व्हत्यात.

आता रविवारी दुकान बंद असतंय, तवा त्येचा फोन येतो. जेवला का इचारलं तर रविवार हाय की म्हणून हसतो. मग म्हणतो, "टुंग कर की रं."

मी करतो. तिकडं गच्चीवर ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपातूर पावलं वाजत्यात. पैल्यांदा मापात करत हुतो. आता मधीच खोकला येतो त्येला, भट्टीच्या धुराचा.

म्हणून पुढचं टुंग मी दाबून धरतो. भिंतीला हात लागल्याला ऐकू आल्यावरच वाजवतो.

"चुकली का रं रेघ?" तो इचारतो.

"न्हाई गड्या. आतच हायेस."