बर्फगाडी शिवडीच्या चिखलात

नातवंडं विचारतात, "आजी, तुझा सगळ्यात लांबचा प्रवास कुठला?" काशी झाली, रामेश्वर झालं, लेकीकडे परदेशीही राहून आले. पण खरं सांगू? माझा सगळ्यात लांबचा प्रवास गिरगाव ते शिवडी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची ती वर्षं. आम्हा गिरगावकरांना तेव्हा परळच्या पुढे म्हणजे परमुलूखच वाटायचा, आणि लग्न न झालेल्या मुलीने तिकडे दोन रात्री राहायचं म्हणजे तर बोलायलाच नको.

निघायचं कारण माझी मोठी बहीण. ताई डॉक्टर होती आणि हिमालयातल्या एका दरीत छोटासा दवाखाना चालवायची. हिवाळ्यात तिथे सगळे रस्ते बर्फाखाली. आदल्या हिवाळ्यात एका अडलेल्या बाळंतिणीला गावकरी आळीपाळीने पाठीवर घेऊन दवाखान्याकडे निघाले आणि ती बिचारी वाटेतच गेली. ताईने हे कळवलं तेव्हापासून आमच्या भावाच्या, बापूच्या, डोक्यात एकच खूळ. तो तांत्रिक शाळेत शिकवायचा. कुठल्याशा मासिकात त्याने बर्फावरच्या गाडीचं चित्र पाहिलं होतं. म्हणाला, "ही मी बांधणार." आणि पठ्ठ्याने बांधली की! जुन्या मोटारसायकलचं इंजिन, पुढे लाकडाच्या दोन घसरपट्ट्या, मागे गोल फिरणारा रबराचा रुंद पट्टा. पट्ट्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं लांब झाकण, छपराची पन्हळ उलटी घातल्यासारखं. त्याला तो बोगदा म्हणायचा. बोगद्यावर पुढे चालवणाऱ्याची बैठक आणि मागे पेशंटला आडवं करायची फळी.

नवरात्रात ताई गाडी न्यायला मुंबईत आली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी मालगाडीत चढवायची, असं ठरलेलं. तो दिवस हुकला तर वर घाट बंद होणार, आणि पुढच्या हिवाळ्यातही बाळंतिणी माणसांच्या पाठीवरूनच यायच्या. आणि नेमका बोगदाच पहिल्या चाचणीत वाकला होता, बैठकीच्या बरोब्बर मागे. दुरुस्तीसाठी गाडी लालबागला केशव मिस्त्रींच्या कारखान्यात गेली होती. अष्टमीला पुन्हा चाचणी होती. आई मला म्हणाली, "तू जा गं बरोबर. ती दोघं भांडली की मध्ये पडायला कोणीतरी हवं." मी तर काय, पिशवी भरूनच बसले होते.

सकाळी ट्राम पकडली. नवे पैसे नुकते आलेले, त्यामुळे शेजारचे एक आजोबा आण्यांतच भाडं देणार म्हणून हटून बसले होते. कंडक्टर म्हणाला, "बाबा, आणे गेले." आजोबा म्हणाले, "इंग्रज गेला तेव्हा नाही गेले, ते आत्ता बरे जातील?" अख्खी ट्राम हसली. भिंतींवर चुन्याने लिहिलेल्या घोषणा, गिरण्यांची धुराडी, आणि लालबागला उतरल्याबरोबर मसाला कुटायची डंख-यंत्रं. मिरच्या कुटायचा तो धडाड धडाड आवाज आणि नाकात शिरणारा खाट! मी शिंकत शिंकत चालले आणि तरी मान वर करून बघतच राहिले. केवढ्या त्या चाळी, केवढी माणसं! तीन मैलांवर एवढं मोठं जग होतं आणि मला पत्ताच नव्हता. (आजही गेलात तर मसाला तिथेच कुटून घ्या. ट्राम मात्र शोधू नका.)

केशव मिस्त्री मालवणचे. पोट सुटलेलं, आवाज भोंग्यासारखा, आणि स्वतःच्या कामाचं कौतुक स्वतःच करायची सवय. बोगदा जिथे वाकला होता तिथे त्यांनी पत्रा ठोकून सरळ केला होता आणि वर पोलादाची जाडजूड चौकोनी पट्टी रिबिटं मारून बसवली होती. थाप मारत म्हणाले, "आता हत्ती बसवा. वाकली तर माझा नाव बदलून टाका!" बापूनेही मान डोलवली. गणित त्याने स्वतः केलं होतं.

हातगाडीवर गाडी घालून आम्ही शिवडीला निघालो. वाटेत मोर्चा आडवा आला. पुढच्या माणसाने हातगाडीवरचं ताडपत्री घातलेलं धूड पाहिलं आणि ओरडला, "अरे, रणगाडा आणला रे सरकारने!" झालं! सगळे आमच्याभोवती. बापूची बोबडी वळली. ताईने शांतपणे ताडपत्री काढली. "बर्फावरची गाडी आहे. पेशंट न्यायला."

"बर्फ? मुंबईत?" एकजण म्हणाला. "बाई, आमच्याकडे बर्फ फक्त गोळ्यावर मिळतो!" हशा पिकला आणि त्यांनीच आम्हाला वाट करून दिली. दोघं-तिघं तर मोर्चा सोडून गंमत बघायला आमच्यामागे आले.

आता मुंबईत बर्फ नाही तर चाचणी कशावर? चिखलावर. ही अक्कल मात्र बापूची. शिवडीला ओहोटी लागली की मैलभर काळाभोर, मऊ चिखल उघडा पडतो. माणूस गुडघ्यापर्यंत जातो, तसंच ताज्या बर्फात होतं म्हणे. ओहोटीची वेळ मिस्त्रींनी बोटांवर काढली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बारालाच पुरती ओहोटी. तिकडे जाणार असाल तर हे गणित लक्षात ठेवा, आणि चांगल्या चपला घरी ठेवा.

इंजिन भडभडलं, पट्टा फिरला आणि ती गाडी चिखलावरून निघाली. आई शप्पथ, माझ्या अंगावर काटा आला! जिथे बगळ्याचे पायसुद्धा रुतत होते तिथे आमचा बापू घसरत चालला होता. मागच्या फळीवर मिस्त्री बसले होते, हात उंचावून, लग्नाच्या वरातीतल्यासारखे. आणि एका उंचवट्यावरून गाडी खाली आदळली. कडाड! मागचा भाग शेपटीसारखा खाली लोंबला. मिस्त्री चिखलात.

कोणी हसलं नाही. ओढत गाडी काठावर आणली. पोलादी पट्टी जशीच्या तशी होती, आणि बोगदा तिच्या कडेलाच वाकून चिरला होता. ताई त्या चिरेवरून नुसतं बोट फिरवत होती. "बाईला झोपवायची जागा ही," एवढंच म्हणाली. मग बापू आणि ती अशी भांडली की मला खरंच मध्ये पडावं लागलं. "दुप्पट जाड पट्टी बसवू," बापू म्हणत होता. "उद्याच्या उद्या."

रात्री भोईवाड्यात मावशीच्या चाळीत मुक्काम. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ, पण घास कोणाच्या घशाखाली उतरेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात पोचलो आणि दारातच थबकलो. छिन्न्या, हातोडे, पाने, सगळी हत्यारं पाटावर मांडलेली. हळदकुंकू, झेंडूची फुलं, उदबत्ती. ड्रिलच्या मशीनला हार. खंडेनवमी! आम्ही गिरगावचे लेखणीवाले, आमच्याकडे सरस्वती पुजतात, हे आमच्या ध्यानातच नव्हतं.

बापू गयावया करू लागला. मिस्त्रींनी नुसते हात जोडले. "मास्तर, हत्यारांका हळदकुंकू लागला. आता उद्या सकाळपर्यंत हात लावूचो नाय. वर्सभर ती आमच्यासाठी राबतत, एक दिस तेंका निजूदे."

"पण तिकडे माणसं मरतात हो!"

मिस्त्रींचा चेहरा पडला, पण हत्याराला हात लावला नाही त्यांनी. मला आधी संताप आला. मग त्या पाटासमोर उभी राहिले आणि काय झालं कोण जाणे, चपला काढून बाजूला ठेवल्या. आदल्या दिवशी आगीतून काढलेलं लोखंड ज्याने ठेचलं, तो घणसुद्धा फुलांखाली गप्प पडला होता. देवळातही मला एवढं गंभीर वाटलं नव्हतं कधी.

काम बंद, मग काय करणार? मी गाडीशेजारी बसकण मारली आणि त्या चिरेकडे बघत राहिले. आणि एकदम डोक्यात आलं, हे तर मी शंभरदा पाहिलंय! आमच्या घरी विरलेल्या परकराला जाड कापडाचं ठिगळ लावलं की तो ठिगळावर कधीच फाटत नाही. ठिगळाच्या कडेला फाटतो. म्हणून आई ठिगळ छोटं ठेवायचीच नाही. पातळसं कापड घ्यायची आणि या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत न्यायची, म्हणजे ताण शिवणीवर जातो.

"जाड पट्टी नकोच," मी म्हणाले. "पातळ घ्या, पण पुढून पार मागपर्यंत न्या. दोन्ही बाजूंनी."

मिस्त्री हसले. "बाये, ह्या काय लुगडा आसा?"

बापूही म्हणाला, "सुमे, तू गप्प बस गं."

मी आणि गप्प? बरी बसेन! हत्यारांना हात लावायचा नव्हता, पण माझी कात्री काही पाटावर नव्हती. मावशीकडून खाकी कागद आणला आणि ब्लाउज बेततात तसा बोगद्यावर बेतला. पुढे इंजिनाच्या मजबूत चौकटीपासून निघून, बैठकीखालून, मागच्या दांडीपर्यंत एकसंध लांब पट्टी. टोकं निमुळती तिरकी कापली, कारण चौकोनी कोपरा कापडातही उसवतो. ताईने दुसरं टोक धरलं. आदल्या दुपारनंतर ती पहिल्यांदाच हसली.

बापूने खिशातून पेन्सिल काढली आणि गणित करायला बसला. "ठिगळाच्या कडेचा विचारच मी केला नव्हता," तो स्वतःशीच म्हणाला. मिस्त्री त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "सपाट पट्टी नको," ते म्हणाले. "काटकोनात दुमडलेली घेऊ, ॲल्युमिनियमचीच. वजन वाढूचा नाय आणि वाकूचीही नाय. पण उद्या. आज नाय." मग काय, ताई, बापू आणि मिस्त्री त्या कागदावर असे तुटून पडले, की मी कुणीच नसल्यासारखी बाजूला!

दसऱ्याची सकाळ. नारळ फुटला, मिस्त्रींनी हत्यारं उचलून कपाळाला लावली आणि वर्षातलं पहिलं भोक आमच्या गाडीला पाडलं. मुहूर्ताचं काम! मग जो आवाज सुरू झाला तो काय सांगू. एकजण आतून लोखंड धरतोय, दुसरा बाहेरून रिबीट ठोकतोय, आणि माझा खाकी कागद डोळ्यांदेखत धातूचा होतोय. मी तोंडाचा आ वासून उभी. कोणीतरी हातात प्रसादाचं खोबरं ठेवलं तेही खायचं सुचलं नाही.

दशमीची भरती साडेसातची, म्हणजे ओहोटी दीडच्या सुमाराला. शिवडीला पोचलो तर काठावर ही गर्दी! परवाच्या मोर्चातली माणसं बायकापोरं घेऊन आली होती.

फळीवर वजन म्हणून वाळूची पोती ठेवायचं ठरलं होतं. ताईने ती खाली काढायला लावली. "माझी बाई जिथे झोपणार तिथे मी झोपणार," म्हणाली आणि आडवी झाली. मिस्त्री तिच्या पायाशी बसले. आज हात वर नाहीत, फळी घट्ट धरलेली.

बापूने तोच उंचवटा धरला. मी डोळे मिटले आणि लगेच उघडले, न बघून कसं चालेल? गाडी चढली, हवेत गेल्यासारखी झाली आणि आदळली. धप्प! चिखल उडाला. मागचा भाग थरारला... आणि सरळच राहिला. बापूने वळवून परत आणली, परत आदळली. पुन्हा. पुन्हा.

काठावरून कोणीतरी ओरडलं, "झालाच पाहिजे!" आणि सगळ्या काठाने ती घोषणा उचलली. मुंबईसाठी घसा फोडणारी ती माणसं आमच्या गाडीसाठी ओरडत होती. ना त्यांनी कधी बर्फ पाहिला होता, ना ती दरी. मी ढसाढसा रडले, सांगायला लाज कसली?

संध्याकाळी गिरगावात परतलो तेव्हा तिघंही चिखलाने माखलेले. दारात आईने ओवाळायचं तबक घेतलं आणि आम्हाला बघून म्हणाली, "आधी मोरीत जा!" ताईने माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाडी रवाना झाली.

मग सगळा हिवाळा आम्ही वाट बघितली. बापू रात्री उठून फेऱ्या घालायचा. आई देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायची. मी मात्र तो खाकी कागद घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि अधूनमधून उघडून बघायची. आपण बेतलेलं माप चुकलं असेल तर? परकर उसवला तर लाज जाते. हे उसवलं तर?

उन्हाळ्यात ताई आली. ट्रंक खाली ठेवायच्या आधी, चपलासुद्धा न काढता, दारातूनच मला म्हणाली, "वाकली नाही गं."

मी तिच्या हातातली ट्रंक घेतली. विचारलं, "मागे कोण होतं?"

"दवाखान्यात आणताना एक बाई होती," ताई म्हणाली. "घरी सोडताना दोघी."