गव्हाणीची मधली फळी

आई गेल्यानंतर बाबा रुआबांधा गावापलीकडच्या आमच्या छोट्याशा शेतावर एकटेच राहत. मी पोलादाच्या प्लांटमध्ये क्लार्क होतो, क्वार्टरमध्ये राहायचो आणि रविवारी सायकलने त्यांच्याकडे जायचो. त्या पावसाळ्यात जोडीतला डावा बैल साप चावून मेला. तेव्हापासून उजव्याने खाणं सोडलं. याच जोडीच्या आणि बाबांच्या मेहनतीवर मी बी.ए. झालो होतो. उजव्याच्या निघालेल्या फासळ्या मला पाहवत नव्हत्या.

"कालपासून तोंड नाही लावलं," बाबा म्हणाले. "हाही चालला, बेटा."

लाकडी गव्हाणीचा तळ कुजला होता. मी सायकलला बांधून पॅकिंगच्या पेटीची एक फळी आणली होती. बाबांनी ती वाकवून पाहिली.

"ग्रॅज्युएट साहेब, हे फळी हाये का पापड? मधली काढ, सागाची हाये. तेच तळाले ठोक. आता कोणाची वाटणी करायची?"

दोन बैलांचा चारा वेगळा राहावा म्हणून ती फळी मध्ये उभी ठोकलेली होती. मी ती काढली आणि रंधा मारायला घेतली. वरची कड एका जागी खोलगट झाली होती, हात फिरवला तर गुळगुळीत.

"हे कशानं झालं, बाबा?"

"ह्याच्या मानेनं. आपलं टाकून त्या डाव्याचं खाये. चोट्टा! रोज वरडा लागे."

मी रंधा बाजूला ठेवला. तळाला पेटीचीच फळी कापून, दुहेरी करून ठोकली आणि सागाची पुन्हा मध्ये बसवली. मग मी भाताचं तणस आणि भिजवलेली सरकीची ढेप मेलेल्या बैलाच्या बाजूला टाकली. उजवी बाजू रिकामीच ठेवली.

बैल बराच वेळ नुसता उभा होता. दूर प्लांटचा भोंगा झाला. मग त्याने मान उचलली, फळीच्या त्या खोलगट जागेवर टेकवली आणि पलीकडचा एक घास ओढला.

"हट्!" बाबांचा हात सवयीने वर गेला. "लाज नाही वाटत? त्याचं हाये ते!"

हात तसाच राहिला. मी खाली पडलेले खिळे वेचत राहिलो, वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने बाबांनी ओंजळभर ढेप आणली आणि त्याच बाजूला टाकली.