तिच्या केसांचा टोप

टोपवालीच्या हाताखालून किती डोकी गेली याची गणती नव्हती. राजे, राण्या, विदूषक, भुतं आणि आजारपणात केस गेलेल्या कितीतरी बायका. नाटकगृहामागच्या गल्लीत, जिन्याखालच्या अरुंद खोलीत ती लाकडी डोक्यावर बारीक जाळी ताणून बसायची आणि आकड्याच्या सुईने एकेक केस त्यात गाठवायची. चाळिशी ओलांडली होती, लग्न केलं नव्हतं. बहिणीने विषय काढलाच तर म्हणायची, मनात भरलेली सगळी डोकी लाकडाचीच निघाली. आपल्या कामात बोट दाखवायला जागा नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ते लपवण्याइतका नम्रपणा तिच्या अंगी नव्हता.

अशा बाईचं काम नाटकगृहातला नवा कपडेपटवाला परत पाठवायला लागला. नटांचे पोशाख आणि टोप त्याच्या ताब्यात असत. दिसायला तिशीचा, देखणा, पण तोंड सदा कडू. दरबाऱ्याचा टोप परत आला, कारण म्हणे त्या काळी भांग इतका सरळ पाडत नसत. राणीचा परत आला, कारण तेव्हाच्या बायका केस एवढे वर बांधत नसत. टोपवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकदा भर तालमीत तिने विचारलं, "तुम्ही काय बघायला गेला होतात?"

तो टोप खाली ठेवून निघून गेला. त्याला गप्प केल्याचा आनंद तिला इतका झाला, की घरी जाऊन बहिणीला ती गोष्ट तिने दोनदा ऐकवली.

वर्षभर दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होती. बहीण म्हणायची, ज्याचं तोंड बघवत नाही त्याच्याशिवाय हिला जेवताना दुसरा विषय नाही. मग एके दिवशी एक नट आजारी पडला आणि त्याचा टोप कुणाच्या तरी डोक्यावर बेतून बघायची वेळ आली. कपडेपटवाला नाइलाजाने खुर्चीत बसला. टोपवालीने त्याचे केस बोटांत धरले आणि तिचा हात थांबला. डाव्या कानामागे एक बट वेडीवाकडी कापलेली होती. पहिल्या भांडणाच्या दिवशी तिने ती नीट पाहून ठेवली होती, पुढेमागे टोमणा मारायला कामी येईल म्हणून. वर्ष उलटलं तरी बट तशीच होती, तेवढीच.

"तुमचे केस वाढत नाहीत," ती म्हणाली.

त्याने उठून दार लावलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. तो मरत नव्हता. का, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते दरबारी, त्या राण्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ती बट ज्या न्हाव्याने कापली, त्याचं गावसुद्धा आता उरलं नव्हतं. लोकांच्या लक्षात यायच्या आत तो दरवेळी मुक्काम हलवायचा. आता तिच्या लक्षात आलं होतं, म्हणजे निघायला हवं.

टोपवालीला धक्का बसला, नाही असं नाही. पण खरा धक्का होता तो हा माणूस जाणार याचा. तो जायला नको होता. हे कळल्यावर आडपडदा ठेवणं तिला जमण्यातलं नव्हतं.

"जाऊ नका," ती म्हणाली. "लोक वय केसांत बघतात, सुरकुत्या कोण मोजतंय? मी तुम्हाला म्हातारं करते."

तो पहिल्यांदाच हसला. मग हसू मावळलं. "मी नुसता दिसेन. तुम्ही खरंच व्हाल. ते बघायला मी कुठेच थांबलेलो नाही. दरवेळी आधीच पळालोय."

"मग या वेळी थांब," ती म्हणाली.

लग्न झालं. टोपवालीने आपली कमरेपर्यंतची वेणी कापली आणि त्या केसांचा त्याच्यासाठी टोप केला. पुढे स्वतःच्या कंगव्यात येणारे पांढरे केस जपून ठेवून ती दरवर्षी थोडे थोडे त्यात गाठवत गेली. त्यानेही शेजारी बसून सुई धरायला शिकून घेतलं. भांगावरून वाद चालूच राहिले. समोरच्या चष्म्याच्या दुकानातला चष्मेवाला सगळ्यांना सांगायचा, नवरा-बायकोने पिकावं तर असं, बरोबरीने.

फक्त पलंगाखाली त्याची एक चामडी पिशवी होती, कायम भरलेली. टोपवाली केर काढताना तिच्या कडेकडेने झाडू फिरवायची. तिने त्याबद्दल कधी विचारलं नाही, पण तिला भीती त्या एका पिशवीचीच होती.

उतारवयात ती आजारी पडली. औषधांनी केस झडायला लागले आणि बघता बघता डोकं उघडं पडलं. आयुष्यभर जगाची डोकी झाकणारी बाई आरशाला पाठ करून निजू लागली. एका दुपारी तिला जाग आली तर घरात हालचाल नव्हती. तिने वाकून पलंगाखाली पाहिलं. पिशवी नव्हती.

कठड्याला धरून ती जिना उतरली. जिन्याखालच्या खोलीचं दार रस्त्यावर सताड उघडं होतं. आत तो टोप काढून बसला होता, तेच काळेभोर तरुण केस साऱ्या गल्लीला दिसत होते. पुढ्यात त्याचा पिकलेला टोप लाकडी डोक्यावर चढवलेला होता आणि तो जाळीच्या कडा तिच्या मापाने आवळत होता.

"पिशवी?" तिने विचारलं.

"चष्मेवाल्याला देऊन टाकली. कपडे कपाटात लावलेत."

तेवढ्यात चष्मेवाला ती पिशवी खांद्याला लावून समोरून गेला. जाता जाता थांबून त्याच्याकडे बघत म्हणाला, "काका, या वयात कलप?"

टोपवाली इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. हसता हसता रडली, आणि ते तिने लपवलं नाही. त्याने तिला खुर्चीत बसवलं, टोप अलगद तिच्या डोक्यावर ठेवला, केस विंचरले आणि आरसा समोर धरला. काळे, करडे, पांढरे, सगळे तिचेच.

तिने मान इकडून तिकडे वळवून नीट पाहिलं.

"परत," ती म्हणाली. "माझा भांग इतका सरळ नसतो."

त्याने पुन्हा कंगवा उचलला. दार उघडंच होतं.